मणक्याच्या शस्त्रक्रियेतील रक्तहानी व तिच्या नियंत्रणाचे उपाय : एक विवेचन

गोषवारा

मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत होणारी रक्तहानी हा शल्यचिकित्सकाच्या हस्तकौशल्याचा प्रश्न आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रस्तुत लेखात या रक्तस्रावामागील शरीररचना आणि शरीरक्रिया स्पष्ट करून, तो कमी करण्याचे उपाय कोणत्या तत्त्वावर कार्य करतात याचे विवेचन केले आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची हिमोग्लोबिनची पातळी, मेजावरील रुग्णाची स्थिती, शरीराचे तापमान आणि ट्रानेक्झॅमिक आम्ल या अल्पखर्चिक उपायांचा विचार महागड्या यंत्रसामग्रीच्या आधी व्हावयास हवा, अशी भूमिका येथे घेतली आहे.

बीजसंज्ञा : मेरुदंड, रक्तहानी, पांडुरोग, ट्रानेक्झॅमिक आम्ल, रक्तसंक्रमण

प्रस्तावना

मणक्याची मोठी शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती सामान्यतः दोन कागद पडतात. एकावर खर्चाचा अंदाज असतो. दुसरा असतो रक्तपेढीच्या नावे लिहिलेली मागणी-चिठ्ठी. पहिल्याची तजवीज विमा, शासकीय योजना अथवा उसनवारी यांतून कशीबशी होते. दुसऱ्याची होईलच याची खात्री देता येत नाही. कारण रक्त कारखान्यात तयार होत नाही. रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीमागे ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त देणारी एक जिवंत व्यक्ती असते, आणि पिशवीतील लोहित पेशी कोणते परिरक्षक द्रावण वापरले आहे त्यानुसार ३५ ते ४२ दिवसच टिकतात. आपल्याकडील रक्तसंकलनात महाविद्यालयांतील शिबिरांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे परीक्षा संपून मे महिन्याची सुटी लागली की, आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास, रक्तपेढ्यांतील साठा आटतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांस हे वेगळे सांगावयास नको.

दुसरीकडे, दुसऱ्याचे रक्त घेणे हीदेखील सर्वस्वी निर्धोक बाब नाही. चाचण्या कितीही काटेकोर असल्या तरी संसर्गाची अल्पशी शक्यता उरते. चुकीच्या गटाचे रक्त दिले गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. फुप्फुसांना इजा होणे, रक्ताभिसरणावर अतिरिक्त भार पडणे हे धोकेही आहेतच. म्हणून शस्त्रक्रियेत रक्त कमी वाया जाणे हे रुग्ण आणि समाज या दोघांच्याही हिताचे आहे.

सर्वच शस्त्रक्रियांना हा प्रश्न सारख्या प्रमाणात लागू होत नाही, हेही येथेच नमूद करणे आवश्यक आहे. दोन मणक्यांमधील सरकलेल्या चकतीचा तुकडा काढताना सहसा शंभर-दोनशे मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जात नाही. पाठीच्या कण्याचा वाकडेपणा सरळ करणे, अनेक मणके पट्ट्या व स्क्रूंनी जोडणे, क्षयाने पोखरलेला मणका साफ करणे किंवा मणक्यात पसरलेली कर्करोगाची गाठ काढणे अशा शस्त्रक्रियांत मात्र एक-दोन लिटर, प्रसंगी त्याहूनही अधिक रक्तहानी होऊ शकते. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात एकूण रक्त सव्वातीन लिटरच्या आसपास असते. त्या तुलनेत या आकड्यांचा अर्थ लक्षात यावा.

मणक्यातूनच एवढे रक्त का जाते ?

हात किंवा पाय यांवरील शस्त्रक्रियेत वर पट्टा आवळून रक्तप्रवाह तात्पुरता थांबवता येतो. मेरुदंडाला असा पट्टा बांधता येत नाही. तथापि हे कारण वरवरचे आहे. खरे कारण तेथील शिरांच्या रचनेत सापडते.

मणक्यांच्या आत आणि बाहेर, माकडहाडापासून कवटीच्या तळापर्यंत, शिरांचे एक दाट जाळे पसरलेले आहे. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये या जाळ्याचे महत्त्व दाखवून दिले. त्यांचा मूळ प्रश्न वेगळाच होता. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग फुप्फुसांना वगळून थेट मणक्यांत कसा पोहोचतो, याचा ते शोध घेत होते. त्यांना जे आढळले ते असे : या शिरांना झडपा नसतात. पायांतील शिरांमध्ये झडपा असल्यामुळे रक्त एकाच दिशेने, हृदयाकडे, वाहते. मणक्याभोवतालच्या जाळ्यात मात्र रक्त दाबाच्या फरकानुसार कोणत्याही दिशेने जाऊ शकते. पोटातील दाब वाढला, म्हणजे माणूस खोकला, शिंकला किंवा त्याने कुंथून जोर लावला, की उदरातील महाशिरेत जाणारे रक्त या आडवाटेने वळते आणि मणक्याभोवतालच्या शिरा फुगतात.

या एका वस्तुस्थितीत शस्त्रक्रियेच्या निम्म्या अडचणी दडलेल्या आहेत. पाठीकडून शस्त्रक्रिया करावयाची तर रुग्णास पालथे झोपवावे लागते. पालथे झोपवले की पोट दाबले जाते. आणि पोट दाबले की नेमक्या त्याच शिरा तटतटतात ज्यांच्याजवळून सुरी फिरवावयाची असते.

दुसरे कारण हाडाचे आहे. मणक्याचा गाभा स्पंजासारखा सच्छिद्र असून त्यात रक्ताने भरलेल्या पोकळ्या असतात. स्नायूतील कापलेली रक्तवाहिनी आकुंचन पावते, ती चिमट्यात धरता येते किंवा विद्युत्‌-उष्णतेने डागता येते. हाडातील पोकळीच्या भिंती कठीण हाडाला चिकटलेल्या असल्यामुळे त्या मिटत नाहीत आणि डागूनही फारसा उपयोग होत नाही. मणके एकमेकांस जोडावयाचे असतील तर त्यांचा पृष्ठभाग खरवडून रक्ताळलेला करावाच लागतो, कारण त्याशिवाय नवे हाड धरत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेच्या यशासाठीच काही रक्तस्राव मुद्दाम घडवून आणावा लागतो.

तिसरे कारण रक्ताच्या स्वतःच्या स्वभावाचे आहे. जखमेवर गुठळी धरणे आणि ती गुठळी विरघळवणे या दोन क्रिया शरीरात सोबतच चालतात. ऊतींची मोठ्या प्रमाणावर चिरफाड झाली की विरघळवणारी क्रियाही चेतते, आणि तासाभरापूर्वी कोरडी दिसणारी जागा पुन्हा पाझरू लागते. या तिसऱ्या कारणाचा विचार पुढे ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या संदर्भात केला आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीचे आठवडे

किती रक्त गेले तर रक्त द्यावे लागेल, याचा अंदाज बांधण्यासाठी भूलतज्ज्ञ एक साधे सूत्र वापरतात. ग्रॉस यांनी १९८३ मध्ये ते मांडले. रुग्णाच्या शरीरातील एकूण रक्त गुणिले हिमोग्लोबिनमधील चालू शकणारी घट, भागिले सुरुवातीच्या व अखेरच्या हिमोग्लोबिनची सरासरी, असे त्याचे स्वरूप आहे. वर उल्लेखिलेल्या पन्नास किलो वजनाच्या स्त्रीचेच उदाहरण घेऊ. प्रौढ स्त्रीच्या शरीरात दर किलोस सुमारे ६५ मिलिलिटर रक्त धरले तर एकूण ३,२५० मिलिलिटर होते. तिचे हिमोग्लोबिन ८ पर्यंत उतरले तरी चालेल असे मानू. शस्त्रक्रियेच्या दिवशी ते १२ असेल तर १,३०० मिलिलिटर रक्त गेले तरी बाहेरचे रक्त देण्याची वेळ येत नाही. ते १० असेल तर ही मर्यादा ७२२ मिलिलिटरवर येते. आणि ९ असेल तर अवघ्या ३८२ मिलिलिटरवर, म्हणजे रक्तदानाच्या एका पिशवीएवढ्या रक्तावर !

शस्त्रक्रिया तीच, शल्यचिकित्सक तोच, वाहिलेले रक्तही तेवढेच; तरी एका रुग्णास रक्त लागत नाही आणि दुसऱ्यास दोन पिशव्या लागतात. हा फरक शस्त्रक्रियागृहात निर्माण झालेला नसतो, तो रुग्णाने घरून आणलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष पांडुरोगी आढळले. महाराष्ट्रातील स्त्रियांचे प्रमाण ५४.२ टक्के होते. याचा सरळ अर्थ असा की, या वयातील ज्या स्त्रिया मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होतात त्यांच्यापैकी अनेकींच्या बाबतीत वरील सूत्रातील पहिलाच आकडा कमी असतो.

पांडुरोग लोहाच्या अभावामुळे असेल तर तोंडाने घेतलेल्या लोहाच्या गोळ्यांनी तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ते दोन ग्रॅमने वाढते. शिरेतून दिले जाणारे लोह कमी वेळ हाती असताना उपयोगी पडते. मात्र लोह दिले की रक्त वाचले, असे सरळ समीकरण मांडणे बरोबर होणार नाही. ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ४८७ पांडुरोगी रुग्णांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिव्हेंट या चाचणीत, शिरेतून लोह दिल्याने रक्तसंक्रमणाची गरज अथवा मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. ती चाचणी मणक्याच्या रुग्णांवरील नव्हती, हे खरे. तरीही तिच्यातून बोध घ्यावयाचा तो असा की, पांडुरोगाचे कारण आधी शोधावे लागते. दीर्घकालीन दाह, क्षय, मूत्रपिंडाचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांपैकी काही असेल तर केवळ लोहाने भागत नाही. आणि कारण शोधावयाचे तर वेळ हवा. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी हाती आलेल्या रक्ततपासणीच्या अहवालावर रक्ताची पिशवी मागवण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

याच काळात आणखी एका गोष्टीची चौकशी होणे अगत्याचे असते. मणक्याचा रुग्ण म्हणजे बहुधा वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेत आलेला माणूस. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे रक्तपट्टिकांचे कार्य तात्पुरते मंदावतात. अॅस्पिरिन ते कायमचे बंद पाडते. रक्तपट्टिकांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असल्याने नव्या पट्टिका तयार होईपर्यंत परिणाम टिकून राहतो. पॅरासिटॅमॉलचा असा उपद्रव जवळपास नाही. अडचण अशी की, दुकानातून परस्पर घेतलेली गोळी रुग्णाच्या लेखी ‘औषध’ नसतेच. त्यामुळे ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर येते. ‘पाठ दुखली की कोणती गोळी घेता ?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. हृदयाच्या धमनीत जाळी बसवलेल्या रुग्णाने मात्र अॅस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने थांबवणे धोक्याचे असून तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच व्हावयास हवा.

शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्नही याच टप्प्यावरचा. मणक्याच्या क्षयाच्या बाबतीत भारतीय वैद्यकाने या संदर्भात महत्त्वाची भर घातली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास हाँगकाँग येथून पुढे आलेल्या विचारानुसार क्षयग्रस्त मणका समोरून उघडून पूर्णपणे साफ करणे व तेथे हाडाचा तुकडा बसवणे, ही आदर्श पद्धती मानली जाऊ लागली. वाराणसी येथील प्रा. सु. मो. तुली यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मध्यम मार्ग’ पद्धतीत सर्व रुग्णांना प्रथम क्षयरोधक औषधे व विश्रांती देऊन, ज्यांच्या मज्जारज्जूवरील दाब कमी होत नाही अशा निवडक रुग्णांवरच शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह होता. तो विचार रक्त वाचवण्यासाठी मांडलेला नव्हता. परंतु औषधांनी बऱ्या झालेल्या मणक्यातून रक्ताचा थेंबही सांडत नाही, हेही तितकेच खरे.

पालथा रुग्ण आणि मोकळे पोट

बॅटसन यांच्या शोधाचा व्यावहारिक निष्कर्ष उघड आहे : पालथ्या रुग्णाचे पोट कशावरही टेकू नये. टोरांटो येथील बाल रुग्णालयातील भूलतज्ज्ञ रेल्टन व अस्थिशल्यचिकित्सक हॉल यांनी यासाठी चार गादीदार खांबांची एक चौकट तयार करून तिचे वर्णन १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. छातीच्या दोन्ही बाजू आणि कमरेची दोन्ही हाडे या चार ठिकाणी शरीर टेकते. पोट मधल्या मोकळ्या जागेत अधांतरी राहते. महाशिरेवरचा दाब नाहीसा झाला की रक्त आपल्या नेहमीच्या मार्गाने हृदयाकडे जाते व मणक्याभोवतालच्या शिरा सैलावतात. आजची खास मेजे याच तत्त्वावर बनलेली आहेत. जेथे अशी मेजे नाहीत तेथे घट्ट गुंडाळलेल्या उशा व गाद्या छातीखाली आणि कमरेखाली नीट रचूनही हेतू बराचसा साध्य होतो. फक्त शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी कोणीतरी खाली वाकून, हात घालून, पोट खरोखर मोकळे आहे की नाही हे पाहावयास हवे. स्थूल रुग्णाच्या बाबतीत ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. एवढा मोठा लाभ एवढ्या कमी खर्चात देणारा दुसरा उपाय या विषयात क्वचितच सापडेल.

भूलतज्ज्ञाच्या हाती आणखी एक जुने साधन असते, ते म्हणजे रक्तदाब मुद्दाम खाली ठेवणे. एके काळी सरासरी धमनीदाब ६० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली आणण्याची प्रथा मोठ्या प्रमाणावर होती. यासंबंधी आता अधिक सावधगिरी बाळगली जाते, आणि ते योग्यच आहे. शिरांमधून पाझरणारे रक्त धमनीतील दाबावर फारसे अवलंबून नसते. उलट, आधीच दाबल्या गेलेल्या मज्जारज्जूला आणि वृद्ध रुग्णाच्या हृदयाला कमी दाबाची झळ लगेच पोहोचते.

डोळ्यांचा प्रश्न याच ठिकाणी येतो. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणे ही अत्यंत दुर्मीळ, परंतु घडल्यास बहुधा न भरून येणारी आपत्ती होय. दृष्टिचेतेस रक्तपुरवठा कमी पडल्याने ती ओढवते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्रीय अभ्यासात असे ८० रुग्ण आणि तुलनेसाठी ३१५ इतर रुग्ण यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. धोका वाढवणाऱ्या घटकांमध्ये पुरुष असणे, स्थूलता, भुलीचा दीर्घ कालावधी, अधिक रक्तहानी आणि विल्सन चौकटीचा वापर यांचा समावेश होता. ही चौकट कमानदार असल्याने तिच्यावर रुग्णाचे डोके हृदयापेक्षा खालच्या पातळीवर राहते व डोळ्यांभोवती रक्त साकळते. म्हणजे रक्तहानी कमी करणे हा दृष्टी वाचवण्याचाही मार्ग आहे. पण त्यासाठी निवडलेली चौकट डोके खाली झुकवणारी असेल तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

तापमानाविषयी थोडक्यात. रक्त गोठवणारी विकरे आणि रक्तपट्टिका शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच नीट काम करतात. वातानुकूलित खोलीत, भुलीखाली, उघड्या पाठीने तीन-चार तास पडून राहिलेल्या रुग्णाचे तापमान सहज एक-दीड अंशाने उतरते. खुब्याचा सांधा बदलण्याच्या साठ रुग्णांवरील १९९६ मधील एका चाचणीत ३६.६ अंशांवर ठेवलेल्या गटाची रक्तहानी सरासरी १.७ लिटर, तर ३५ अंशांपर्यंत उतरलेल्या गटाची २.२ लिटर भरली. उबदार हवेचे पांघरूण व कोमट केलेले सलाइन यांनी हा फरक टाळता येतो.

ट्रानेक्झॅमिक आम्ल

रक्तातील प्लाझ्मिनोजेन हे प्रथिन गुठळीतील फायब्रिनच्या धाग्यांना चिकटते, तेथे त्याचे प्लाझ्मिनमध्ये रूपांतर होते आणि प्लाझ्मिन ते धागे कातरून टाकते. चिकटण्यासाठी प्लाझ्मिनोजेनला धाग्यावरील लायसिन या अमिनो आम्लाचा आधार लागतो. ट्रानेक्झॅमिक आम्लाची रचना लायसिनसारखीच आहे. ते प्लाझ्मिनोजेनवरील लायसिनची जागा आधीच अडवून बसते, त्यामुळे प्लाझ्मिनोजेनला धाग्याची पकड घेता येत नाही व झालेली गुठळी टिकून राहते. ते नवी गुठळी घडवत नाही, हा मुद्दा त्याचे धोके समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे.

हे औषध जपानमधील उताको ओकामोतो (१९१८-२०१६) आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी शोधले व १९६२ मध्ये त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. युद्धोत्तर जपानमध्ये साधनांची टंचाई असताना त्यांनी रक्त हा विषय निवडला, कारण नमुने कमी पडले तर स्वतःचे रक्त वापरता येईल ! लहान मुलीला पाठीशी बांधून उताको प्रयोगशाळेत काम करीत असत. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने होणारे मातांचे मृत्यू थांबावेत ही त्यांची मूळ प्रेरणा होती, पण तशी चाचणी घेण्यास तेव्हाचे प्रसूतितज्ज्ञ राजी झाले नाहीत. ती अखेर झाली, २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवर. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये, उताको यांच्या निधनाच्या पुढच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. रक्तस्रावाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण औषध न दिलेल्या गटात १.९ टक्के, तर दिलेल्या गटात १.५ टक्के होते. तत्पूर्वी २०१० मध्ये अपघातग्रस्तांवरील क्रॅश-२ या चाचणीने, २०,२११ रुग्णांचा अभ्यास करून, एकूण मृत्यूंचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आल्याचे दाखवले. दुखापतीनंतर तीन तासांच्या आत औषध दिले तरच लाभ होतो, उशिरा दिल्यास अपायाची शक्यता असते, हेही त्याच चाचणीतून स्पष्ट झाले. नियोजित शस्त्रक्रियेत मात्र पहिला छेद घेण्यापूर्वीच औषध देता येते. गुठळी विरघळवणारी यंत्रणा चेतण्याआधीच तिची वाट अडवली जाते.

हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रियांच्या ९,५३५ रुग्णांवरील पॉइज-३ या चाचणीत (२०२२) गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आले. हृदयविकार, पक्षाघात, रक्तवाहिन्यांत गुठळी इत्यादी घटनांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे औषध दिलेल्या गटात १४.२ आणि न दिलेल्या गटात १३.९ टक्के होते. तथापि धोका मुळीच वाढत नाही, हे संशोधकांनी आधी ठरवलेल्या निकषावर सिद्ध झाले नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियांवरील अनेक लहान चाचण्यांतही रक्तहानी घटल्याचे दिसून आले आहे. मात्र मात्रेबाबत एकमत नाही : काही ठिकाणी दर किलोस १० मिलिग्रॅम, तर काही ठिकाणी त्याच्या तिप्पट ते पाचपट मात्रा दिली जाते. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून त्या विकाराच्या रुग्णांत मात्रा कमी करावी लागते. हृदयशस्त्रक्रियांत मोठ्या मात्रेनंतर झटके आल्याची नोंद आहे. अशा स्थितीत अधिक मात्रा म्हणजे अधिक लाभ असे गृहीत धरण्यास आधार नाही.

याच कामासाठी एके काळी वापरले जाणारे अॅप्रोटिनिन हे महागडे औषध, हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक दिसल्याने २००७ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. पुढे काही देशांत ते मर्यादित उपयोगासाठी परतले. तुलनेने ट्रानेक्झॅमिक आम्ल भारतात अतिरिक्त मासिक स्रावावर वर्षानुवर्षे वापरात असून ते स्वस्तात मिळते.

एका धोक्याचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. ट्रानेक्झॅमिक आम्लाची कुपी आणि कमरेत भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बुपिव्हॅकेनची कुपी दिसावयास सारख्या असू शकतात. चुकून हे आम्ल मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात टोचले गेल्यास तीव्र वेदना, झटके आणि अनेकदा मृत्यू ओढवतो. असे अपघात घडल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबाबत इशारा दिला. दोन्ही कुप्या वेगवेगळ्या जागी ठेवणे आणि टोचण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचणे, एवढ्याने तो अपघात टळू शकतो.

हस्तकौशल्य आणि यंत्रे

स्नायू हाडावरून सोडवताना अस्थिआवरणाच्या खालून जाणे, एका वेळी थोडाच भाग उघडा ठेवून उरलेला कापसाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवणे, हाड खरवडण्याचे काम शक्यतो अखेरीस करणे, ही शल्यचिकित्सकाची परंपरागत शिस्त आहे. जिलेटिनचा स्पंज व थ्रॉम्बिन यांचे मिश्रण हाडाच्या पाझरणाऱ्या पृष्ठभागावर उपयोगी पडते. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८९२ मध्ये वापरात आणलेले अस्थिमेण आजही प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असते. परंतु ते हाडाच्या वाढीस अडथळा करते, म्हणून जेथे मणके जोडावयाचे आहेत तेथे ते टाळतात. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गाठ मणक्यात पसरली असेल तर ती अतिशय रक्तमय असते. अशा वेळी शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी तिच्या धमन्या आतून बंद करून घेणे हितावह असते.

सांडलेले रक्त शोषून, धुऊन, त्यातील लोहित पेशी रुग्णालाच परत देणारे यंत्र मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध आहे. त्याविषयी बरेच आकर्षण दिसते. मात्र ते रक्तस्राव कमी करीत नाही. झालेल्या स्रावातील काही भाग परत मिळवते. धुताना रक्तद्रव व रक्तपट्टिका निघून जातात, म्हणजे गोठण्याची शक्ती परत येत नाही. जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असलेल्या जागेचे रक्त परत देण्याबाबत सावधगिरी घ्यावी लागते. मणक्याच्या क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या आपल्या देशात ही मर्यादा लहान नाही. शिवाय प्रत्येक रुग्णासाठी नव्या नळ्या व वाटी लागते आणि पुरेसे रक्त जमल्याशिवाय यंत्राचा उपयोगच होत नाही. कण्याचा मोठा वाकडेपणा सरळ करताना ते उपकारक ठरते. दोन मणक्यांच्या जोडणीसाठी ते लावणे हा बहुतेक वेळा अपव्यय होय.

रक्त केव्हा द्यावे ?

गेलेल्या रक्ताचे मोजमाप नजरेने केले तर ते हमखास चुकते. शोषण-बाटलीतील द्रवातून धुण्यासाठी वापरलेले सलाइन वजा करणे, आणि रक्ताने भिजलेल्या पट्ट्यांच्या वजनातून कोरड्या पट्ट्यांचे वजन वजा करून एका ग्रॅमला एक मिलिलिटर धरणे, ही पद्धत साधी व पुरेशी विश्वसनीय आहे. तिच्यासाठी एक तराजू आणि आकडे लिहिणारा एक परिचारक एवढेच लागते.

‘हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की रक्त द्यावे’ हा संकेत अनेक दशके चालत आला. कॅनडात अतिदक्षता विभागातील ८३८ रुग्णांवर झालेल्या १९९९ च्या चाचणीत ७ ही मर्यादा पाळलेल्या गटाची स्थिती १० ची मर्यादा पाळलेल्या गटापेक्षा वाईट आढळली नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या २,०१६ वृद्धांवरील २०११ च्या चाचणीतही ८ ची मर्यादा पुरेशी ठरली. आता स्थिर प्रकृतीच्या अस्थिशल्य रुग्णांत साधारणपणे ८ ही मर्यादा धरली जाते. अर्थात वाहता रक्तस्राव, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर आकड्याची वाट पाहिली जात नाही. एका पिशवीने प्रौढाचे हिमोग्लोबिन सुमारे एका ग्रॅमने वाढते. म्हणून एक पिशवी देऊन पुन्हा तपासणी करावी आणि मगच दुसरीचा विचार करावा. शस्त्रक्रियेनंतर स्नायूंत झिरपणारे रक्त डोळ्यांना दिसत नाही. हिमोग्लोबिन बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नीचांक गाठते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या मागणी-चिठ्ठीकडे या संदर्भात पुन्हा पाहता येईल. सवयीने चार पिशव्या लिहिल्या जातात, त्या रुग्णाच्या रक्ताशी जुळवून त्याच्या नावे राखून ठेवल्या जातात, आणि त्यांपैकी तीन अनेकदा न वापरताच परत जातात. राखीव असताना त्या इतर कोणासही देता येत नाहीत व त्यांचे मोजके दिवस सरत राहतात. रुग्णाचा रक्तगट व प्रतिपिंडे आधीच तपासून ठेवली तर प्रत्यक्ष गरज पडताच अल्पावधीत रक्त जुळवून देता येते. मग दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलास त्या पिशव्या मे महिन्यातही मिळू शकतात.